जुन्या मस्टँगला डिस्क ब्रेक बसवताना

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. पहिल्या वर्षांतल्या बहुतेक मस्टँगना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. व्ही-८ इंजिनाच्या गाडीला पुढे दहा इंची ड्रम असत, तर सहा सिलिंडरच्या गाडीला नऊ इंची. जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला १९६५ पासून पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक मिळत, पण ते घेणारे थोडे होते. आज जपलेल्या, चालत्या मस्टँगवर सर्वांत जास्त होणाऱ्या कामांत या ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याचे काम मोडते.

ड्रममध्ये दोन अर्धगोल शू आतून बाहेर दाबले जातात आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासतात. घर्षणातून निघालेली उष्णता ड्रमच्या पोटातच साठते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खोल जाऊनही गाडी थांबत नाही. खंडाळ्याचा घाट फियाट किंवा ॲम्बेसेडरने उतरलेल्या चालकांना हा अनुभव नवा नाही. म्हणूनच ते गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून उतरवत. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते. कॅलिपरमधले पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, उष्णता वाऱ्यावर निघून जाते आणि पाणीही टिकत नाही. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल मान्स शर्यत जिंकली, तेव्हा हा फरक साऱ्या जगाला दिसला.

ड्रमचा एक गुण मात्र डिस्ककडे नाही. पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट बसतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला अशी आपोआप मदत मिळत नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर न लावता डिस्क बसवली की पेडल जड लागते. हा दोष नाही, पण आधी माहीत असलेला बरा.

कामाची सुरुवात ब्रेकपासून न करता पुढच्या सस्पेन्शनपासून करावी. डिस्कने ब्रेक जोरात लागला की सारा भार पुढच्या बुशांवर आणि बॉल जॉइंटवर येतो. ते झिजलेले असतील, तर नवी डिस्क गाडीला थांबवण्याऐवजी एका बाजूला खेचते. गाडी जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवावे: खडखड लागली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग ढिले आहे. आडवे धरून हलवल्यावर लागली, तर संशय टाय रॉड एंडवर आणि आयडलर आर्मवर.

मस्टँगची पुढची रचना जरा वेगळी आहे. कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते आणि तिचे वरचे टोक इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या मनोऱ्यात बसते. खालचा आर्म आत एकाच बुशवर टेकतो. त्याला पुढून आधार देतो तो एक लांब रॉड, दोन्ही बाजूंना रबरी बुश असलेला. वरच्या आर्मच्या आतल्या आट्यांच्या बुशांना ग्रीस लागते, पण ते भरायची जागा इतकी अडचणीची आहे की वर्षानुवर्षे कोणी पोहोचत नाही. जुन्या मस्टँगची खड्ड्यावरची ती प्रसिद्ध करकर इथूनच येते.

झिजलेले आर्म बदलायला स्प्रिंग काढणे हा या कामातला सर्वांत धोक्याचा टप्पा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद असते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल, तर आर्मचा एकही बोल्ट सोडू नये. नवे आर्म बसवताना आणखी एक चूक वारंवार होते: रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले जातात. गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. याच वेळी अनेकजण वरच्या आर्मची भोके सुमारे एक इंच खाली पाडून घेतात. हा बदल फोर्डचे सस्पेन्शन अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या नावाने ओळखला जातो आणि १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये तो होता. वळणावर गाडी त्यामुळे जास्त सरळ राहते.

आता ब्रेक. सहा सिलिंडरच्या गाडीचे स्पिंडल बारीक आणि चाकाला चारच बोल्ट असतात. तिला व्ही-८ च्या जातीचे स्पिंडल आणि चाके घेणे शहाणपणाचे. १९७५ ते १९८० च्या फोर्ड ग्रॅनडाचे स्पिंडल स्वस्तात बसतात म्हणून लोकप्रिय आहेत, पण स्टिअरिंगचे कोन बिघडून खड्ड्यातून जाताना चाक आपोआप वळू शकते. डिस्कवर चाक बसते का, हे आधी तपासावे. तेरा इंची चाक बहुधा कॅलिपरला अडते.

सर्वांत मोलाचा बदल मात्र चाकात नाही, मास्टर सिलिंडरमध्ये आहे. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांना एकच मार्ग होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ पासून दोन स्वतंत्र मार्गांचा सिलिंडर आला. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर डिस्क थांबू द्यावी आणि दोन मार्गांचा सिलिंडर आधी बसवावा.

डिस्कसाठी तो सिलिंडर डिस्कच्याच मापाचा हवा. ड्रमच्या सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो; तो पुढच्या मार्गात राहिला, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात आणि काही मैलांत चाक हाताला चटका देते. मागच्या ड्रमच्या नळीत दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग वॉल्व्ह लावावा. नाहीतर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी अडकतात आणि गाडीचे शेपूट फिरते.

कॅलिपर डावे-उजवे चुकून उलटे लागले, तर हवा काढायचा निपल खाली येतो. हवा वरच्या पोकळीत अडकून राहते आणि कितीही ऑइल ओतले, तरी पेडल स्पंजासारखे दबते. निपल वरच्या टोकाला दिसतो का, एवढे पाहिले तरी दिवसभराची मेहनत वाचते. हवा काढताना सर्वांत लांबच्या, म्हणजे उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात करावी. जुने रबरी होज आतून फुगलेले असतात, तेही बदलावेत.

शेवटी व्हील अलाइनमेंट. १९६५-६६ च्या गाडीत कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वरच्या आर्ममागच्या पातळ पत्र्यांनी जुळवतात. १९६७ पासून खालच्या आर्मला त्यासाठी खास बोल्ट आला. नवे पॅड रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू गाडी मंदावत, मध्ये डिस्क थंड होऊ देत, डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. पहिल्या दिवशी लांबचा घाट नको.

भारतात अशी गाडी असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलात होणाऱ्या बदलांवर मर्यादा घालते, आणि पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे २०२१ चे नियम गाडी मूळ रूपात असण्याचा आग्रह धरतात. पाना हाती घेण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे, आणि काढलेले ड्रम, स्पिंडल व जुना सिलिंडर तेल लावून, नावाची चिठ्ठी बांधून ठेवावेत. ते असतील, तर ही गाडी पुन्हा जशीच्या तशी मूळ रूपात आणता येते.