सातीचा सापळा

विनोदी म्हणून ख्याती झालेल्या कलावंताच्या व्यासंगाविषयी सहसा कोणी चौकशी करीत नाही. फ्रेंच संगीतकार एरिक साती (1866–1925) याच्या वाट्याला हेच आले. वास्तविक वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1905 साली, तो पॅरिसच्या ‘स्कोला कान्तोरुम’ या संगीतविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि अनेक स्वरपंक्ती एकत्र गुंफण्याच्या शास्त्राची पदविका त्याने 1908 मध्ये मिळविली. हे ध्यानात ठेवूनच त्याच्या 1913 मधील ‘मेद्यूझचा सापळा’ या कृतीकडे पाहावयास हवे.

ही एक एकांकिका असून तिची संहिता व संगीत ही दोन्ही सातीचीच आहेत. बॅरन मेद्यूझला आपली कन्या फ्रिझेत हिच्यासाठी वर पारखावयाचा आहे. घरात धन्यालाच धाकात ठेवणारा पोलिकार्प नावाचा नोकर आहे आणि पेंढा भरलेले एक माकड आहे. त्याचे नाव जोनास. मधूनमधून हे माकड नाचते. त्याच्या नाचासाठी रचलेल्या सात चिमुकल्या तुकड्यांची मिळून ही संगीतमालिका झाली आहे.

आपल्या संगीत नाटकातील पद पात्राच्या भावनेतून उमलते. येथे तसा संबंध मुळीच नाही. क्वाड्रिल, वॉल्ट्झ, मझुर्का, पोल्का ही तत्कालीन प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यातील नृत्ये. साती त्यांची लय सांभाळतो. परंतु नाच रंगण्यापूर्वीच तुकडा संपतो. पोशाख दरबारी, आत मात्र पेंढा! उपहास आहे तो येथे, आणि त्यासाठी एकही स्वर वेडावाकडा करावा लागलेला नाही. 1914 मधील खाजगी प्रयोगात सातीने पियानोच्या तारांत कागद सरकवून त्याचा नाद कोरडा केला होता. 1921 मध्ये पॅरिसला झालेल्या जाहीर प्रयोगात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, चेलो, डबल बास व तालवाद्ये असा लहानसा वाद्यमेळ होता. त्याचे संचालन दारियुस मियो या संगीतकाराने केले.

आता सापळा कोणता ते पाहू. उपवर आस्तोल्फोला बॅरन विचारतो, एका डोळ्यावर नाचता येते काय? तो बिचारा ‘नाही’ म्हणतो आणि त्या उत्तरावरच पसंत ठरतो. कारण तो खोटे बोलला नाही. सासऱ्याला खूश करण्यासाठी ‘हो’ म्हणणारा मात्र सापळ्यात सापडला असता.

वर्गात प्रश्न विचारणाऱ्या आपणां शिक्षकांना या परीक्षेचे मोल निराळे सांगावयास नको. ‘येत नाही’ असे निर्भयपणे म्हणणारा विद्यार्थी आपल्याकडून किती वेळा पसंत ठरतो? श्रोत्यापुढेही सातीने हाच सापळा मांडला आहे. या सात तुकड्यांत गूढ अर्थ सापडल्याचा आव आणणारा त्यात अडकतो. मोकळेपणाने हसणारा सुटतो. मात्र हसून झाल्यावर त्याने ते तुकडे पुन्हा एकदा ऐकावेत. त्यांची नेमकी घडण तेव्हाच कानी येते.