सुकाणूचा दांडा

स्नोमोबाइल विकत घेणारा मनुष्य अश्वशक्ती विचारतो, रबरी पट्ट्याची लांबी विचारतो, रंगाचीही चौकशी करतो; परंतु हँडलापासून इंजिनाच्या अंगाअंगाने खाली उतरून पुढच्या दोन स्कींना दिशेचा हुकूम पोहोचविणारा जो दीडेक हात लांबीचा पोलादी दांडा, त्याची विचारपूस तो मोडेपर्यंत बहुधा कोणी करीत नाही. आणि तो मोडतो तेव्हा हँडल हातात राहते, स्की आपल्या मर्जीने जातात, आणि समोर झाड असेल तर उरलेला वेळ फारच थोडा असतो.

यंत्राच्या बाल्यावस्थेत असा दांडा सर्वांत होताच असे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सेनर या गावी कार्ल एलिअसन याने 1924 साली जी मोटारघसरगाडी सिद्ध केली, तिच्या लाकडी स्की दोर ओढून वळवाव्या लागत. होडीचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन जिथवर नेई, तिथवर दोराचे सुकाणू पुरेसे होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वालकूर येथे, जोझेफ-आर्माँ बोंबार्डिए या पंधरा वर्षांच्या मुलाने फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे इंजिन आणि एक लाकडी पंखा जोडून बर्फावरची गाडी गावातून हाकली होती, आणि त्या गरगरत्या पंख्याचे रूप पाहून वडिलांनी ती ताबडतोब मोडण्याचे फर्मान काढले होते. मुलाने फर्मान पाळले, नाद मात्र सोडला नाही. पुढे 1934 सालच्या हिवाळ्यात, रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे वेळेवर इस्पितळात नेता न आल्याने, त्याचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. बर्फातून माणसे नेणारी वाहने तो त्यानंतर कारखान्यातून काढू लागला, आणि 1959 साली त्याच कारखान्यातून ‘स्की-डू’ ही एकदोघांनी बसावयाची लहान गाडी बाहेर पडली. तिचे इंजिन 7 अश्वशक्तीचे होते. आजच्या डोंगरी गाड्या दीडशे अश्वशक्तीच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि त्या शक्तीचा काही भाग, स्वाराच्या दोन बाहूंवाटे, याच दांड्यावर येऊन आदळतो.

त्यातही बसण्याची तऱ्हा बदलली. पूर्वीचा स्वार खुर्चीत टेकल्याप्रमाणे मागे बसे आणि हँडल केवळ फिरवी. 2003 सालच्या हंगामात स्की-डूने ‘रेव्ह’ नावाचा सांगाडा बाजारात आणला, त्याने स्वाराला पुढे सरकविले आणि उभे राहून गाडी हाकण्याची सवय सार्वत्रिक केली. उभा स्वार हँडल फिरवितो, खेचतो, दाबतो, उडी मारून उतरताना सारे अंग त्यावर टाकतो, आणि डोंगराच्या कडेने तिरपे जाताना अडीचशे किलोच्या आसपासची गाडी एका बाजूवर तोलून धरण्यास तरफ म्हणून तेच हँडल वापरतो. गुलमर्गच्या उतारावर भाड्याच्या गाडीत चालकामागे बसून फेरी मारून येणाऱ्या आपल्या मंडळींना या रगड्याची कल्पना येणार नाही. दांडा मुळात योजिला पिळासाठी, आणि आता वाट्यास आले वाकणे. अर्ध्याअधिक मोडतोडीचे मूळ मला या बदलात दिसते.

मोडलेला दांडा हाती आला की प्रथम वेल्डिंगची टॉर्च शोधणारा मनुष्य कामास लायक असेलही, पण जाणता नव्हे. जाणता तो की जो तुटलेले तोंड उजेडाकडे धरून वाचतो. तेथे बहुधा दोन मुलूख दिसतात. एका कडेला काळपट, क्वचित गंजाने तांबूस झालेला गुळगुळीत भाग असतो आणि त्यात एकाच बिंदूभोवती उमटलेल्या अर्धवर्तुळाकार बारीक रेषा असतात. ही तडा दर फेरीला थोडी थोडी पुढे सरकल्याची नोंद होय. उरलेला भाग चकचकीत आणि खरबरीत असतो. तो शेवटच्या क्षणी एका झटक्यात तुटलेला. काळा मुलूख मोठा असेल तर दांडा शेवटच्या झटक्याच्या बऱ्याच आधीपासून मोडत होता असे म्हणावे. ज्या बिंदूपासून रेषा निघाल्या, तो बहुतकरून वेल्डच्या कडेला सापडतो: खालच्या टोकाला जेथे नळी जाड पट्टीला जोडली आहे तेथे, कारण पातळ नळी आणि ताठर पट्टी यांच्या सीमेवरच सारा ताण एकवटतो. परंतु मोड मध्यभागी, जेथे दोन अर्धुकांचा प्लॅस्टिकचा बुश दांड्याला धरून ठेवतो त्याच्या लगत असेल, तर अपराधी दांडा नव्हे, झिजलेला बुश होय. बुशात प्ले आला की दांडा आपल्या आसावर न फिरता डुलू लागतो. तेथे नवा दांडा घालून जुना बुश ठेवणे म्हणजे पुढल्या वर्षीच्या दुरुस्तीची आजच तजवीज करणे.

ज्या गाडीचा दांडा दुकानात मिळतो त्या गाडीला नवाच घालावा, हे माझे स्पष्ट मत आहे. पण वीसतीस वर्षांमागच्या गाड्यांचे सुटे भाग यादीतून केव्हाच गळालेले असतात, आणि तेथे नाइलाजाने कारागिरीस आवाहन करावे लागते. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून वरून वेल्डचा कडबोळे-थर चढविणे हा तिचा सर्वांत वाईट मार्ग. योग्य रीत विमानांच्या नळ्यांच्या दुरुस्तीवरून घेतलेली आहे: नळीत घट्ट बसेल अशी दुसरी नळी मोडीच्या दोन्ही बाजूंस पुरेशी लांब आत सारावयाची, आणि मूळ नळीची जोडावयाची तोंडे सरळ न कापता 30 अंशांत तिरकस कापावयाची, म्हणजे वेल्डचा ताण एकाच वर्तुळावर एकवटत नाही. रंग आणि जस्ताचा मुलामा आधी पुरता खरवडून काढावा, कारण तापलेल्या जस्ताचा धूर हुंगणाऱ्याला रात्री हुडहुडी भरते. दोन्ही टोके सरळ साच्यात आवळून, चार टाके मारून, माप पुन्हा घेऊनच मुख्य वेल्ड घालावा. दांडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा असेल तर आणखी एक पथ्य आहे. हे पोलाद झटकन निवाले की वेल्डच्या शेजारी काचेसारखे ठिसूळ होते, आणि उत्तरेकडच्या गॅरेजात थंडी तर दाराशीच उभी असते. सबब काम सुरू करण्यापूर्वी नळी कोमट करावी, आणि नंतर तिला बर्फात खुपसण्याचा मोह आवरून आपोआप निवू द्यावे. शेवटी लाल रंगाचा पातळ द्रव फासून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली असता केसाएवढी तडाही लाल रेघेने स्वतःची कबुली देते.

दांडा आहे त्याहून बळकट करण्याची हौस येथेच जन्म घेते, आणि ती सर्वथा अनुचित नाही. बाहेरचा व्यास 25 मिलिमीटर आणि जाडी 3 मिलिमीटर असलेली नळी त्याच व्यासाच्या भरीव दांड्याच्या केवळ 42 टक्के वजनाची असते, तरी पिळाला 67 टक्के बळाने तोंड देते. म्हणून जाडी भरमसाट वाढविण्यापेक्षा व्यास थोडा वाढविणे शहाणपणाचे. त्याहून मोठा धोका निराळाच आहे. स्की झाडाच्या बुंध्यावर आदळली असता कोठेतरी काहीतरी वाकणारच. स्कीकडे जाणारी पातळ टाय-रॉड वाकली तर ती स्वस्त असते, तासाभरात बदलता येते. पण ती, तिचे सांधे आणि दांडा ही सारीच अवजड करून ठेवली तर तो आघात पुढे सरकून अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला फाडतो, आणि मग दुरुस्तीचा हिशेब गाडीच्या किमतीशी भिडतो. दांडा टाय-रॉडहून बळकट असावा, सांगाड्याहून नसावा.

उंच स्वारास उभ्याने हाकता यावे म्हणून दांडा चार बोटे लांबही करून घेतात. ते करताना ब्रेकची नळी आणि थ्रॉटलची तार तितकीच लांब आहे ना, हे पाहणे अनेकजण विसरतात. तार आखूड राहिली तर हँडल पूर्ण वळविताच ती ताणली जाऊन इंजिन आपोआप भरधाव सुटते, म्हणजे नेमके वळणावर. म्हणून गाडीचे तोंड उचलून, इंजिन मंद चालू ठेवून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि आवाजात तिळभर फरक पडतो का ते ऐकावे. पट्टा मात्र जमिनीपासून सुटलेला आणि पुढे-मागे कोणी उभे नसलेले असावे. मग दोन्ही स्कींची टोके पुस्तकात लिहिल्याप्रमाणे किंचित बाहेर उघडलेली आहेत ना ते मोजावे, टाय-रॉडचे जॅम-नट आवळावे, आणि नायलॉनच्या कड्याचे जुने नट पुन्हा न वापरता नवे घालावेत. पहिल्या फेरीनंतर वरचे आवरण काढून वेल्डभोवतीचा ताजा रंग निरखावा. रंगाला केसाएवढी भेग दिसली तर गाडी त्या दिवशी पुन्हा बाहेर काढू नये.