सणाची शिदोरी

ज्यू लोकांच्या पंचांगात अदार नावाचा महिना आहे. त्याच्या चौदाव्या दिवशी, बहुधा आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास, पुरिम हा सण येतो. इराणच्या दरबारातील हामान नावाच्या दुष्ट प्रधानाने सर्व ज्यूंच्या संहाराचा कट रचला व एस्तेर राणीने तो मोठ्या धैर्याने हाणून पाडला, अशी या सणाची कथा आहे. कोकणातील बेने इस्राएल ज्यू त्यास 'होळीचा सण' म्हणत. आणि गोंगाटापुरते तरी ते नाव अगदी शोभते! प्रार्थनामंदिरात ही कथा वाचली जात असता हामानाचे नाव आले, की मुले करकर वाजणारी खेळणी फिरवून ते नाव बुडवून टाकतात.

या दिवशी स्नेह्यांस निदान दोन खाद्यपदार्थ पाठवावेत आणि गरजूंस दान द्यावे, असा दंडक आहे. परंतु वृद्धाश्रमात खाटेस खिळलेल्या आजोबांनी प्रार्थनामंदिरात कसे जावे? म्हणून अमेरिकेतील व इस्राएलमधील कित्येक ज्यू विद्यार्थी सणच त्यांच्याकडे घेऊन जातात. कोणी राजा होतो, कोणी राणी. हातात खसखशीचे सारण भरलेल्या त्रिकोणी करंज्यांची पुडी असते. अर्थात मधुमेह असणारांस गोड देण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे लागते; उत्साहाच्या भरात हे विसरून चालत नाही.

खरे मोल मात्र त्या पुडीचे नसते. वृद्धाश्रमात औषध वेळेवर मिळते, जेवण वेळेवर मिळते. वाट पाहावी असे माणूस तेवढे येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या एखाद्या आजींस पोटच्या मुलीचे नावही आठवत नाही. पण मुलांनी लहानपणचे एखादे गाणे आरंभिले, की त्यांचे ओठ हलू लागतात. सुरांची आठवण पुष्कळदा इतर आठवणींहून अधिक काळ टिकते.

सण मात्र वर्षातून एकदाच येतो, आणि एकटेपणा रोजचा असतो. 1976 साली न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी एकाकी वृद्धांसाठी एक संस्था काढली. तिचे नाव 'दोरोत'. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'पिढ्या'. तिचे स्वयंसेवक वृद्धांच्या घरी नेमाने गप्पा मारावयास जातात आणि सणावारी खाद्यपदार्थ पोहोचवितात.

या गप्पांत कधी कधी एखादी फार जड गोष्ट निघते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या केली. 1945 साली ते युद्ध संपले; त्यातून वाचलेल्यांपैकी आज जे थोडे हयात आहेत, त्यांतील धाकट्यांनीही वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. ते बोलू लागले, की गाणी थांबतात आणि मुले खुर्च्या जवळ ओढून घेतात. ज्या दिवसांविषयी ते सांगतात, त्या दिवसांत ते स्वतः या मुलांएवढे, किंबहुना त्यांच्याहूनही लहान होते.