आच, ओटा आणि शेगडी

महाराष्ट्रातील शहरी घरांत स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की फरशी, कपाटे आणि चिमणी यांच्यावर जितका खल होतो तितका शेगडीवर होत नाही. ती बहुधा ट्रॉल्यांचे काम घेणाऱ्या कारागिराच्या शिफारशीने ठरते, आणि त्या शिफारशीत अलीकडे एकच वस्तू पुढे केली जाते, ती म्हणजे ओट्याचा दगड कापून त्यात बसवायची, काचेच्या पृष्ठभागाची, चार बर्नरची शेगडी, जिला बाजारात ‘हॉब’ म्हणतात. ती देखणी असते आणि पुसायला सोपी असते, याबद्दल वाद नाही. परंतु घरात कोणते इंधन येते, रोज काय शिजते आणि ओट्याखाली व भिंतीत कोणती सोय आहे, हे पाहून शेगडी ठरवायची असते; हा क्रम उलटला आणि आधी रूप पसंत करून मग स्वयंपाक त्यात बसवायचा म्हटले, तर भाकरीपासून चकलीपर्यंत सगळ्यांची अडचण होते.

इंधनापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. घरगुती सिलिंडरमधला गॅस, म्हणजे एलपीजी, हा प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचे मिश्रण असतो. तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो, हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. नळाने येणारा गॅस, म्हणजे पीएनजी, हा मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो आणि खिडकी उघडी असेल तर लवकर पांगतो. मुंबई परिसरात १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने हा नळाचा गॅस घरोघर नेला आणि त्यानंतर पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतही तो पोहोचला आहे. दोन्ही वायूंची ज्योत निळीच दिसते, त्यामुळे शेगडी तीच चालेल असा समज सहज होतो. तो मात्र चुकीचा आहे. सारख्या आकारमानाच्या मिथेनपेक्षा एलपीजी जळताना साधारण अडीच ते तीन पट उष्णता देतो, शिवाय सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, तर नळाचा सुमारे २१ मिलिबारने. हा फरक भरून काढण्याचे काम शेगडीच्या पोटात दडलेला ‘जेट’ करतो. जेट म्हणजे बारीक छिद्राची पितळी टोपी. तिच्यातून गॅस वेगाने बाहेर पडतो, शेजारच्या झडपेतून हवा ओढून घेतो आणि दोन्हींचे मिश्रण बर्नरच्या नळीतून वर चढते. नळाच्या गॅससाठी हे छिद्र मोठे लागते आणि सिलिंडरसाठी लहान. सिलिंडरची शेगडी तशीच नळाला जोडली तर ज्योत मरतुकडी राहते आणि कुकरची शिटी होता होत नाही. उलट केले तर पिवळी, लांब ज्योत उठते, भांड्यांची बुडे काळी होतात आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून ज्या इमारतीत येत्या काही वर्षांत नळाचा गॅस येण्याची शक्यता आहे, तेथे शेगडी घेताना तिचे जेट बदलून मिळतात काय, हा प्रश्न रंग आणि काचेच्या आधी विचारायला हवा. जेट वाढवण्यासाठी छिद्रात दाभण घालून ते मोठे करण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा त्याज्य आहे.

शेगडीच्या गुणवत्तेचे दुसरे माप म्हणजे औष्णिक कार्यक्षमता, अर्थात जळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष भांड्यात किती उतरते याचे प्रमाण. एलपीजीच्या घरगुती शेगड्यांसाठी असलेल्या आयएस ४२४६ या भारतीय मानकाने ते किमान ६८ टक्के ठरवलेले आहे, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल त्यावरच्या पायऱ्या दाखवते. मात्र हे माप प्रयोगशाळेतल्या ठरावीक भांड्यावर घेतलेले असते. घरात लहान पातेल्याखाली मोठा बर्नर पेटवला की ज्योती बुडाच्या कडेने वर निघून जातात आणि ६८ टक्क्यांचे काही उरत नाही. पातेल्याचे कान तापतात, हात भाजतो आणि गॅस खोली गरम करीत राहतो. त्यामुळे चार सारख्या मोठ्या बर्नरपेक्षा एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान अशी रचना अधिक उपयोगाची असते. बर्नरची कमाल शक्ती तर सगळे विक्रेते सांगतात. परंतु गॅस बारीक केल्यावर ज्योत किती खाली येते आणि वाऱ्याच्या झुळकेने विझते काय, हे फार थोडे ग्राहक पाहतात. अनारसे तळताना, साखरेचा एकतारी पाक धरताना किंवा दूध आटवताना कमाल शक्तीला काहीच किंमत नसते. तेथे लहानात लहान, स्थिर आच हवी असते.

मराठी स्वयंपाकाच्या या बाजूकडे शेगड्यांची जाहिरात करणारे क्वचितच लक्ष देतात. भाकरी आधी तव्यावर पडते, वरच्या अंगाला पाणी फिरवले जाते, पाणी सुकले की ती उलटते आणि शेवटी तवा बाजूला करून थेट ज्योतीवर फुगते, फुलक्याचेही तसेच. भरिताचे वांगे, वाटणासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी, अख्खा कांदा, पापड हे सारे पदार्थ उघड्या ज्योतीवरच भाजले जातात आणि त्यांचा धुरकट स्वाद तव्यावर येत नाही. खानदेशातील मांडे तर उलट्या मातीच्या खापरावर होतात. त्यांना मोठी, पसरट आच लागते. पुरण आटवताना जाड बुडाचे पातेले एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जोर लावून घोटावे लागते. बर्नरवरची जाळी खडबडीत ओतीव लोखंडाची असेल तर पातेले जागचे हलत नाही, पण ती गुळगुळीत पातळ पट्ट्यांची असेल तर पातेले प्रत्येक घोटीबरोबर फिरते. चकलीच्या कढईचे बूड गोल असते आणि तिच्यात दोन लिटर उकळते तेल असते, तेव्हा ती जाळीत घट्ट बसणे ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची बाब होय. साठ सेंटीमीटर रुंदीच्या चार बर्नरच्या शेगडीवर मोठी कढई आणि मोठा कुकर शेजारी ठेवले की मागच्या दोन बर्नरांवर हात पोहोचत नाही. सणाच्या दिवशी अशा शेगडीचे प्रत्यक्षात दोनच बर्नर चालतात. दुकानात जाताना घरातली सर्वांत मोठी कढई आणि भाकरीचा तवा यांचे व्यास मोजून न्यावेत आणि बर्नरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर त्यांच्याशी ताडून पाहावे. हे करताना विक्रेता थोडा चमकतो, पण हरकत घेत नाही.

इंडक्शन शेगडीचे तत्त्व अगदी वेगळे आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि त्यामुळे निर्माण होणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच प्रवाह उत्पन्न होऊन ते बूड तापते. उष्णता भांड्यातच तयार होत असल्यामुळे वाया फार थोडी जाते. कार्यक्षमता सुमारे ८५ टक्के असते, म्हणजे गॅसपेक्षा बरीच सरस. परंतु त्यासाठी बूड लोहचुंबकाला चिकटणारे आणि सपाट असावे लागते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम चालत नाहीत. स्टीलची सगळी भांडी चालतात असेही नाही, कारण ‘३०४’ जातीच्या स्टीलमध्ये निकेल असल्यामुळे ते चुंबकाला सहसा दाद देत नाही, तर ‘४३०’ जातीचे स्टील चिकटते. फ्रिजवरचा चुंबक घेऊन मांडणीवरून फिरवला तर पाच मिनिटांत निकाल लागतो. बिडाचा तवा चालतो, पण घासला गेला तर काचेवर ओरखडे पडतात. आणि फोडणीची लोखंडी पळी चुंबकाला चिकटत असूनही तिचे बूड फार लहान असल्याने बऱ्याच शेगड्यांना ती जाणवतच नाही. भाकरीच्या मोठ्या तव्याच्या बाबतीत खालचे वेटोळे अनेकदा तव्यापेक्षा लहान असते, मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. स्वस्त इंडक्शन शेगड्या कमी आचेवर सतत मंद तापत नाहीत, तर काही क्षण पूर्ण जोराने चालतात आणि काही क्षण थांबतात; भाताला त्याचा फरक पडत नाही, पाकाला पडतो. उलट दूध तापवणे, चहा, कुकर, भाजी शिजवणे, पाणी गरम करणे ही कामे इंडक्शन झटपट आणि थंडपणे उरकते, आणि ओटा न तापणे हे मे महिन्यात लहानसहान सुख नसते. शरीरात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू इंडक्शनपासून सुमारे ६० सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे सांगितले जाते.

खर्चाचा हिशेब प्रत्येक कुटुंबाला स्वतः मांडता येतो. एक किलो एलपीजीमध्ये सुमारे १२.७ युनिट विजेइतकी उष्णता असते, म्हणून १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ती साधारण १८० युनिट भरते. गॅसच्या आणि इंडक्शनच्या कार्यक्षमतांचा भागाकार केला तर एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर करायला ढोबळ मानाने ११५ ते १४० युनिट वीज लागते. वीजबिलावरील शेवटच्या टप्प्याच्या दराने या आकड्याला गुणावे आणि गुणाकार सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावा. शेवटचाच टप्पा घ्यायचा, कारण वाढलेला वापर त्याच महाग टप्प्यात मोडतो. भिंतीतील तारांचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. २,००० वॅटची सुटी शेगडी सुमारे नऊ अँपिअर ओढते, म्हणून तिला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट हवा. ओट्यात बसवायची चार वेटोळ्यांची इंडक्शन शेगडी ७,००० वॅटपर्यंत जाऊ शकते, आणि तिच्यासाठी मीटरपासून वेगळी जाड तार आणि वीज कंपनीकडून वाढीव मंजूर भार घ्यावा लागतो. इन्फ्रारेड शेगडी, जिच्यात काचेखालची तार लाल होऊन तापते, कोणत्याही सपाट भांड्याला चालते. पण ती वीज अधिक खाते आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, त्यामुळे लहान मुलांच्या घरात तिची शिफारस करणे कठीण आहे.

आता ओट्यात बसवायची की ओट्यावर ठेवायची, या प्रश्नाकडे वळता येईल. बर्नर बदलता येतो, जेट बदलता येतो, इंधनसुद्धा बदलता येते; कापलेला ग्रॅनाइट मात्र पुन्हा जोडता येत नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या शेगडीचा काप थोडा निराळा असल्यामुळे पुढची शेगडी त्याच भगदाडात बसेल याची खात्री नसते. दगडाला पाडलेल्या चौकोनाच्या पुढची पट्टी अरुंद राहिली तर जड पातेले आदळल्यावर ती तडकते. शेगडीचे पोट ओट्याखाली उतरत असल्यामुळे तेथील वरचा खण वाया जातो, आणि हवेला वाट न ठेवता तो बंद केला तर गळलेला गॅस आत साचू शकतो. सिलिंडर आणि शेगडी यांमधली नळी स्टीलच्या तारेने मजबूत केलेली, भगव्या रंगाची, मान्यताप्राप्त असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ओट्याखाली लपलेल्या नळीची तारीख कोणी पाहत नाही, हा या रचनेचा न सांगितला जाणारा दोष आहे. तिच्या बाजूने सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट म्हणजे ज्योतरक्षक यंत्रणा: बर्नरजवळची धातूची काडी ज्योतीने तापलेली असते तोवरच गॅसची झडप उघडी राहते आणि दूध उतू जाऊन ज्योत विझली की झडप आपोआप बंद होते. ही सोय काही ओट्यावरच्या शेगड्यांतही मिळते आणि घरात वृद्ध माणसे असतील तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते. काचेविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. गॅसच्या शेगडीवरची काच बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून एकदम थंड करून कणखर केलेली असते. ती सहजासहजी फुटत नाही, पण कडेला टवका उडाला किंवा बुडाच्या परावर्तित उष्णतेने ती असमान तापली तर एका क्षणात तिचे हजार तुकडे होतात. स्टीलच्या शेगडीला फार तर पोचा येतो.

या साऱ्याचा विचार करता, ज्या मराठी घरात भाकरी, फोडणी आणि भाजलेले वाटण रोजचे आहे तेथे ओट्यावर ठेवायची, ओतीव लोखंडाच्या जाळीची, पितळी बर्नरची दोन किंवा तीन बर्नरची स्टीलची शेगडी आणि तिच्या जोडीला एक सुटी इंडक्शन ही व्यवस्था चार बर्नरच्या काचेच्या हॉबपेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि उपयोगी ठरते. एकट्याने किंवा दोघांनी राहणाऱ्या, पोळ्या बाहेरून आणणाऱ्या घराला दोन वेटोळ्यांची इंडक्शन पुरते. तरीही ज्यांना ओट्यात बसवलेली शेगडीच हवी असेल, त्यांनी दगड कापण्यापूर्वी शेगडी घरी आणून कापाचा साचा प्रत्यक्ष ओट्यावर ठेवून पाहावा, आणि सुटी काच, जेट व बर्नर पुढे किती वर्षे मिळतील हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे.