दोन तारांवरचं बोलणं

माझी धाकटी मुलगी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ड्रायव्हर लिहिते. हे वाक्य गावात कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘लिहिते म्हणजे? चालवत नाही?’ त्याला हसण्याचा अधिकार मलाही नव्हता. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, कवितेच्या ओळी जुळवण्यात आयुष्य गेलं. पण २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर भांडण झालं आणि मला हा विषय शिकावाच लागला.

केंद्रावरचं मशीन तिच्याच कंपनीचं होतं. दुधाचं वजन घ्यायचं, फॅट काढायचं, दरपत्रकाशी ताडून पावती छापायची, हे त्याचं काम. पावसात वीज क्षणभर लवायची, दिवा मिणमिणून पुन्हा लागायचा आणि मशीन गप्प व्हायचं. पडद्यावर कंपनीचं नाव, पुढे काही नाही. रांग वाढायची, दुधाची गाडी बाहेर हॉर्न वाजवायची. शेवटी सचिव वहीत हातानं लिटर लिहायचा आणि सगळ्यांना सरसकट कालचाच फॅट लावायचा. आमच्या आळीतली एक म्हातारी आठवडाभर म्हशीला सरकी पेंड घालत होती. वाढलेल्या फॅटचे पैसे तिच्या हाती लागले नाहीत. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिनं दारातच अडवलं. ‘काय गं, तुझ्या मशीनला माझ्या म्हशीचं वावडं हाय का?’

त्या रात्री मुलीनं मला जे समजावलं ते असं.

अशा मशीनच्या पोटात एक मुख्य चिप असते, प्रोसेसर. तिच्या आजूबाजूला लहान लहान चिप असतात. एक घड्याळ सांभाळते, एक वीज गेल्यावरही दरपत्रक लक्षात ठेवते. प्रत्येकीला वेगळ्या तारांचा जुडगा द्यायचा म्हटलं तर आत तारांचं जंगलच होईल. टीव्ही बनवणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. १९८२ साली हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनं त्यावर उपाय काढला. सगळ्या चिपना मिळून दोनच तारा. एकीवर ठोके पडतात, दुसरीवर त्या ठोक्यांच्या तालात शून्य नाहीतर एक, असं एकामागून एक अक्षर जातं. या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात आणि सगळ्यांच्या सामायिक तारांना ‘बस’.

बस म्हटल्यावर मला एसटी आठवली, आणि योगायोग असा की गोष्ट खरंच तशी निघाली. जुन्या एसटीत छताखालून घंटीची दोरी जायची. ती कुणीही ओढू शकतो, सोडली की आपोआप वर जाते. दोरी वर ढकलायची सोय कुणालाच नाही. या तारांचंही तसंच. तार एरवी वर असते, म्हणजे ‘एक’. कोणतीही चिप ती खाली ओढते, तो ‘शून्य’. त्यामुळे दोन चिप एकदम बोलल्या तरी काही जळत नाही. पण एखाद्या प्रवाशानं दोरी ओढून तशीच धरून ठेवली तर? मग बाकी कुणाचीच घंटी वाजणार नाही. हा प्रवासी लक्षात ठेवा, पुढे तो भेटणार आहे.

आता बोलण्याची रीत. मुशायऱ्यात शमा ज्याच्यासमोर ठेवली जाते त्यानंच कलाम पढायचा, हा जुना रिवाज. इथे शमेचं काम पत्ता करतो. प्रोसेसर आधी ठोक्यांची तार वर असतानाच दुसरी तार खाली ओढतो. एरवी असं करायला बंदी आहे, म्हणून सगळ्या चिप कान टवकारतात. मग सात अंकी पत्ता पुकारला जातो. दरपत्रकाच्या चिपचा पत्ता १०१०००० होता, घड्याळाच्या चिपचा ११०१०००. आठवा अंक सांगतो, वाचायचं आहे की लिहायचं. नवव्या ठोक्याला प्रोसेसर तार सोडून देतो आणि जिचा पत्ता असेल ती चिप तार खाली ओढून ‘हजर’ म्हणते. तार वरच राहिली, तर त्या पत्त्यावर कुणी नाही, किंवा आहे पण कामात आहे.

हे सगळं घडवून आणणारा मजकूर म्हणजे ड्रायव्हर. तार ओढ, पाच मायक्रोसेकंद थांब, सोड, पुन्हा थांब, इतक्या बारीक सूचना. शिवाय प्रत्येक चिपचा स्वभाव त्याला ठाऊक हवा. त्या घड्याळाची चिप आकडे वेगळ्या धाटणीनं ठेवते. तिची एकोणसाठ मिनिटं तशीच सरळ वाचली तर एकोणनव्वद मिनिटं होतात! दरपत्रकाच्या चिपला काही लिहायला दिलं की ती पाचेक मिलिसेकंद कुणालाच ओ देत नाही. तेवढ्यात तारेवर पाचशे ठोके होऊन जातात. ड्रायव्हरनं पुन्हा पुन्हा पत्ता पुकारत राहायचं, ‘हजर’ ऐकू आलं की पुढे जायचं. घाई केली तर दिलेला दर तिनं घेतलेलाच नसतो.

मग आमच्या केंद्रावर काय होत होतं? मुलीनं सचिवाला खोदून खोदून विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, ‘बटण बंद करून लगेच चालू केलं तर काय उपयोग होत नाही. पण बंद करून चहाला गेलं की आल्यावर चालतंय.’ त्यावर तिनं मांडीवर थाप मारली. ‘अब्बा, सापडलं!’

वीज लवली की प्रोसेसरला दाब पुरत नाही, तो सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होतो. दरपत्रकाची चिप मात्र कमी दाबावरही तग धरते. ती नेमकी एक आकडा सांगण्याच्या मध्यावर असते, शून्य म्हणून तार खाली ओढून पुढच्या ठोक्याची वाट बघत. इकडे प्रोसेसर नव्यानं उठतो, तार खाली बघतो, कुणीतरी बोलतंय असं समजून अदबीनं थांबतो. तो तिच्यासाठी थांबलेला, ती त्याच्यासाठी. बटण बंद केल्यावरही मशीनमध्ये थोडी वीज साठून राहते, ती ओसरायला चहाइतका वेळ लागायचा.

चूक ड्रायव्हरमध्ये होती आणि तो तिनंच लिहिलेला होता. ‘तार मोकळी होईपर्यंत थांब’ असं तिनं लिहिलं होतं, किती वेळ ते लिहिलं नव्हतं. पण नुसती मुदत घालूनही भागत नाही. मुदत संपल्यावर मशीन फार तर ‘बिघाड’ असं दाखवील, दोरी धरलेला प्रवासी तसाच राहील. त्यावरचा उपाय या पद्धतीच्या नियमपुस्तकातच आहे. प्रोसेसरनं आपणहून नऊ ठोके द्यायचे. नऊच का? चिपच्या मनात जास्तीत जास्त आठ अंकांचं अर्धवट वाक्य असतं. प्रत्येक ठोक्याला ती एकेक अंक सांगून टाकते आणि नवव्या ठोक्याला पोच ऐकण्यासाठी तिला तार सोडावीच लागते. पोच आली नाही की ती समजते, पुरे. मग समाप्तीची खूण करायची आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागायचं.

पुण्याला जाऊन तिनं मशीनची वीज मुद्दाम शेकडो वेळा लववली, तेव्हा कुठे नव्या ओळींवर तिचा विश्वास बसला. सगळ्या मिळून वीस ओळीही नव्हत्या. मला त्यातला एक शब्द खटकला होता. प्रोसेसरला ‘मालक’ आणि इतर चिपना ‘गुलाम’ म्हणत. तिला तो कधी टोचला नव्हता, रोजच्या वापरातला होता. २०२१ साली नियमपुस्तकातूनच ते शब्द गेले आणि ‘नियंत्रक’ आणि ‘लक्ष्य’ अशा अर्थाचे शब्द आले. लक्ष्य हा शब्दही मला काही फार आवडलेला नाही.

म्हातारीला त्या दिवसांचा फरक कुणी दिला नाही. पुढच्या सुट्टीत मुलगी तिच्याकडे जाऊन बसली, चूक माझीच होती म्हणाली. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि खरवस खायला घातला. मशीन त्यानंतर वीज लवल्यावर अडलेलं नाही. सचिव मात्र अजूनही दिवा मिणमिणला की बटण बंद करतो आणि चहाला जातो.