इंद्रावतीवरील न झालेले धरण

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड हे गाव वसले आहे. गावाजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम होतो. इंद्रावती ओडिशातील कालाहंडीच्या डोंगरांत उगम पावते, बस्तरच्या पठारावरून पश्चिमेकडे वाहते, चित्रकोट येथे मोठ्या धबधब्याच्या रूपाने खाली झेपावते आणि महाराष्ट्र व छत्तीसगड यांच्या सीमेवरून जाऊन अखेर गोदावरीस मिळते. पावसाळ्यात या नद्यांना मोठे पूर येतात. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग अनेक वर्षी आले आहेत.

एवढे पाणी दरवर्षी समुद्राकडे वाहून जाते. मग त्यापासून वीज का निर्माण करू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो सरकारच्याही मनात आला. इंद्रावतीवर भोपालपट्टनम येथे आणि गोदावरीवर इचमपल्ली येथे प्रचंड धरणे बांधून वीज निर्माण करण्याच्या योजना आखण्यात आल्या. परंतु ती धरणे झाली नाहीत. असे का झाले, हे समजण्यासाठी पाण्यापासून वीज कशी मिळते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

उंचावरून वेगाने येणारे पाणी टर्बाइन नावाच्या पोलादी चक्राच्या पात्यांवर आदळते व ते चक्र फिरू लागते. त्याला जोडलेले जनित्रही फिरते आणि वीज उत्पन्न होते. ही वीज किती मिळेल, हे दोनच गोष्टींवर अवलंबून असते : पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून पडते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंचीवरून पडले, तर त्यापासून सुमारे पाव युनिट वीज मिळते. उंची दुप्पट झाली, की तेवढ्याच पाण्यापासून वीजही दुप्पट मिळते.

ही उंची निसर्गतःच लाभलेले ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातील कोयना. कोयनानगर येथे १०३ मीटर उंचीचे धरण बांधून नदीचे पाणी अडविले आहे. या जलाशयास शिवसागर असे नाव आहे. जलाशयाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. अभियंत्यांनी डोंगराच्या पोटातून बोगदे खोदून पाणी पश्चिमेकडे वळविले आणि ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळी येथील भुयारी वीजगृहात सोडले. १९६२ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट झाली. येथे बहुतेक सारी उंची सह्याद्रीने दिली आहे; माणसाने ती कौशल्याने वापरली एवढेच.

भामरागडच्या परिसरातही डोंगर आहेत. परंतु सह्याद्रीसारखा सरळ तुटलेला कडा नाही. नदीला पाणी विपुल आहे, पण एकदम मिळणारी उंची नाही. ती उंची धरणाच्या भिंतीनेच निर्माण करावयाची होती. उभट तांब्यात ओतलेले पाणी वर चढते. तेच पाणी परातीत ओतले तर चोहोकडे पसरते. तसेच येथे झाले असते. भिंत जसजशी उंच होईल, तसतसे पाणी मागे मागे पसरून नदीकाठची वने व गावे बुडविणार होते.

ही वने म्हणजे ओसाड जागा नव्हे. येथे माडिया गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मोहाची फुले, चारोळी, तेंदूची पाने, बांबू, नदीतील मासे हे त्यांच्या जीवनाचे आधार आहेत. त्यांच्या कुळांची दैवतेही याच रानात आहेत. अशा माणसांना दुसरीकडे जमीन दिली, तरी त्यांचे रान त्यांना कोण देणार? इंद्रावतीच्या खोऱ्यात दुर्मीळ झालेली रानम्हैसही आढळते. नदीच्या पलीकडे इंद्रावती राष्ट्रीय उद्यान आहे, तर अलीकडे १९९७ साली भामरागड अभयारण्य स्थापन झाले.

धरणाखाली घर जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रास ठाऊक होते. १९२१ साली मुळशी येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्यासारख्या नेत्यांसह धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरीही धरण झाले. कोयनेच्या काठची अनेक गावे शिवसागरात बुडाली आणि तेथील कित्येक कुटुंबांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

भामरागडजवळच हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला होता. या धरणांनी आदिवासींचे काय होईल, हे त्यांनी जाणले. १९८४ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. हजारो आदिवासी त्यात सामील झाले आणि त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचले. १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे वनभूमी अन्य कामास देण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घेणे आवश्यक झालेलेच होते. अखेर दोन्ही योजना मागे पडल्या.

याचा अर्थ, भामरागडच्या मुलांना वीज नको होती, असा मात्र नाही. रात्री अभ्यासास दिवा हवा, दवाखान्यात औषधे थंड ठेवावयास यंत्र हवे. शिवाय धरण झाले नाही, म्हणून विजेचे मोल द्यावे लागत नाही, असेही नाही. चंद्रपूरच्या मोठ्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वीज तयार होते आणि तेथे धूर व राख यांचा त्रास होतो. प्रत्येक विजेचे मोल कोणीतरी देत असतेच. इंद्रावतीच्या धरणांचे मोल मात्र प्रामुख्याने अशा लोकांना द्यावे लागणार होते, की ज्यांच्या झोपडीत तोवर दिवाही लागला नव्हता.

म्हणून एखादी मोठी योजना पुढे आली, म्हणजे ती किती वीज देईल, एवढेच विचारून भागत नाही. तिच्यासाठी काय बुडेल, कोणाचे बुडेल आणि त्यांना विचारले आहे काय, हेही विचारावे लागते. भामरागडच्या लोकांनी हे प्रश्न वेळीच विचारले. म्हणूनच तेथील तीन नद्यांचा संगम आजही जलाशयाखाली गेलेला नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडी काठच्या रानात मोहाची फुले वेचली जातात.