प्रोस्टेटचा कर्करोग आणि हार्मोन उपचार : दीर्घ सोबतीचे नियोजन

दर नोव्हेंबरात आमच्या म्हैसूर शाखेत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ असते. हयातीचा दाखला दिला, की प्रकृतीच्या गोष्टी निघतात. गुडघे, मधुमेह, मोतीबिंदू यांविषयी सारे मोकळेपणाने बोलतात. गेल्या वर्षी मात्र एका मराठी ज्येष्ठ ग्राहकांनी खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात विचारले, "साहेब, मुदत ठेव मोडू का? दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते. रक्ताचा अहवाल आता उत्तम आहे. मग इंजेक्शनच थांबवले तर?" त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता. ठेवीविषयीचे उत्तर माझ्यापाशी होते, दुसऱ्या प्रश्नाचे नव्हते. ते शोधताना जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

उपचाराचे तत्त्व

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी लहानशी ग्रंथी होय. तिच्यातील कर्करोगाच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसल्या जातात. हे हार्मोन घटविल्यास रोग मागे हटतो, हे शिकागो येथील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. त्याच वर्षी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी शस्त्रक्रियेने वृषणे काढणे हा प्रमुख मार्ग होता. एकदाच करावयाचा व अल्पखर्चिक असल्याने तो आजही अवलंबिला जातो. पुढे ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारखी इंजेक्शने आली. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना जाणारा संदेश थांबवितात. अलीकडे त्यांच्या जोडीला ॲबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड अशा गोळ्याही दिल्या जातात. रोग हाडांपर्यंत पोचल्यावरही अनेक रुग्ण कित्येक वर्षे कार्यरत राहतात.

अहवाल उत्तम, म्हणजे खाते बंद नव्हे

रक्तातील पीएसएचा आकडा खाली येतो, तो बहुधा औषधाने रोगाला आवरून धरल्यामुळे. रोग समूळ गेला, असा त्याचा अर्थ होत नाही. काही रुग्णांना किरणोपचारासोबत ठराविक मुदतीपुरताच हार्मोन उपचार देतात, तर काहींना देखरेखीखाली विश्रांतीही देतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा असतो. बरे वाटते म्हणून स्वतःच इंजेक्शन चुकविणे धोक्याचे आहे.

शरीर जी किंमत मोजते

हार्मोन घटल्याने अंगातून अकस्मात उष्णतेच्या लाटा येतात, थकवा जाणवतो, पोट सुटते, स्नायू क्षीण होतात व हाडे ठिसूळ होतात. मधुमेह व हृदयविकाराचा धोकाही वाढू शकतो. मन खिन्न होते, कामेच्छा मावळते. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींविषयी घरात सर्वाधिक मौन असते. आपले पौरुष संपले, असे पतीला वाटते, तर हे आपल्यापासून दुरावले, असे पत्नीला वाटते. दोघांचाही समज चुकीचा असतो, कारण हा औषधाचा परिणाम आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना झालेला हा रोग हाडांपर्यंत पोचल्याचे मे २०२५ मध्ये जगजाहीर करण्यात आले. मग आपण निदान पत्नीला व डॉक्टरांना सांगण्यास का संकोचावे?

कुक्करहळ्ळी तलावाकाठचा सकाळचा फेरफटका हितकारकच आहे. मात्र स्नायू व हाडे टिकविण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने हलकी वजने उचलण्याचा व्यायामही हवा. या प्रांताची नाचणी येथे उपयोगी पडते, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, साखर व रक्तदाब यांची तपासणी वेळोवेळी करावी, तंबाखू सोडावी. नव्याने पाठ दुखू लागली, पायांतील शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आर्थिक बाजू

इंजेक्शन तिमाही असेल, तर ठेवीचे व्याजही तिमाही घेता येते, म्हणजे दोन्ही तारखांचा मेळ बसतो. अचानक मोठी गरज पडल्यास ठेव मोडण्यापूर्वी ठेवीवरील कर्जाचा विचार करावा. खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे, नामनिर्देशन तपासून घ्यावे. हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'द्वारे घरूनही देता येतो. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सूचना दिल्या आहेत. आयुष्मान भारत योजना २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिचा लाभ कोठे मिळेल, याची रुग्णालयात चौकशी करावी.

ते ग्राहक पुढील तिमाहीत पुन्हा आले. डॉक्टरांना विचारून त्यांनी इंजेक्शन चालू ठेवले होते आणि ठेवही मोडली नव्हती. या वेळी सोबत पत्नी होत्या. खात्यात त्यांचे नाव घालण्याचा अर्ज पुढे करीत काका म्हणाले, "आता हिला सगळे ठाऊक आहे." दीर्घ आजाराच्या नियोजनातील पहिली नोंद हीच असावी.